नऊ बाभळी, नऊ चिंध्या

उत्तरायणाच्या आदल्या दिवशी मी आणि बायको ओट्यावर बसून पापडी सोलत होतो. बडोद्यात जन्म गेला तरी आपण उंधियू केला की त्याची भाजीच होते, असं ती म्हणायची. वर पतंग उडत होते. तिनं शेंगेतली अळी बोटानं उडवली आणि विचारलं,

"अहो, ओढ्यावरच्या माझ्या चिंध्या कुठं गेल्या हो? एकसुद्धा राहिली नाही."

"पतंगवाल्यांनी नेल्या असतील, शेपटाला."

"नऊच्या नऊ?"

"मला काय विचारतेस? तुझ्या मास्तरला विचार."

तिनं पुढची शेंग उचलली. पापडी संपली तशी उठली, छातीत कसंतरी होतंय म्हणाली, जरा पडते म्हणाली. तासाभरानं चहाला उठवायला गेलो तर संपलेली होती.

चिंध्या माझ्या अवजारांच्या पेटीत होत्या.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. खानदेशातून आलो आणि गॅसच्या विहिरी खोदणाऱ्या एका कंत्राटदाराकडे फिटर म्हणून हाडं झिजवली. वासणा भागातल्या आमच्या घरापासून पुढं, शहर संपतं तिथं, एक ओढा आहे. पावसात त्याच्या काठची सगळी जमीन पाण्याखाली जाते, पाखरं येतात. गेल्या वैशाखात तिथं लाल फडकी लावलेल्या खुंट्या दिसल्या. मी ओळखलं, विहीर येणार. कागदावर म्हणे जमीन पडीक, कोरडी. वैशाखात मोजली तर कोरडीच दिसणार की! असल्या खुंट्या मी स्वतः ठोकल्यात, त्याही उन्हाळ्यातच, आणि उन्हाळ्यातच का ते आम्हा सगळ्यांना ठाऊक असायचं.

शेजारच्या सोसायटीत एक रिटायर मास्तर राहतात. गुजराती, बायको वारलेली. लहानपण मराठी माणसांच्या शेजारात गेलं म्हणून मराठी बोलतात. रोज सकाळी ओढ्यावर पाखरं मोजायला जायचे. ओढा वाचवा म्हणून त्यांनी कलेक्टरकडे अर्ज केला आणि माझी बायको त्यांच्याबरोबर जायला लागली. गुडघे दुखतात म्हणून माझ्याबरोबर देवळापर्यंत न येणारी बाई!

"सारस जन्मभर जोडीनं राहतो म्हणे," एकदा सांगत आली.

"मग मास्तर एकटे कसे? का आता एकटे नाहीत?"

"तुमचं डोकं म्हणजे तुमची ती पेटी. नुसते पाने आणि हातोडे."

मास्तरांनी तिला विचारलं होतं, बेन, तुमच्या गावी पूर आला की लोक काय करायचे? चाळीस वर्षांत मी असलं काही विचारलं नव्हतं. तिच्या माहेरी, तापीकाठी, पाणी जिथवर चढलं तिथल्या झाडाला चिंधी बांधायचे. चिंधीच्या खालच्या अंगाला कुणी घर बांधायचं नाही. श्रावणात ओढा भरला तेव्हा तिनं तेच केलं. जुन्या साड्या फाडून पाण्याच्या कडेच्या नऊ बाभळींना चिंध्या बांधल्या. खुंट्या सगळ्या आत, पाण्यात.

दिवाळीनंतर मी एकटाच बघायला गेलो. नवव्या बाभळीला अंजिरी काठ. पहिल्या बोनसात घडियाळी पोळच्या बाजारातून मी आणलेली साडी ती. माझ्यासमोर ती साडी तिनं शेवटची कधी नेसली ते आठवेना, आणि इथं मास्तरच्या ओढ्याला तिचा काठ! अंगाची आग झाली. एकेक गाठ सोडवली आणि नऊही घरी आणल्या.

तेराव्याला मास्तर आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"भाई, परवा साहेब येतात जागा बघायला. पाणी तर ओसरलं. काठावर खुणा आहेत असं मी अर्जात लिहून बसलोय. आता काय दाखवू?"

त्यांचे डोळे भरले होते. माझ्या बायकोसाठी दुसरा पुरुष रडतोय आणि माझे डोळे कोरडे. ते बघवलं नाही. पेटी उघडून चिंध्या त्यांच्या पुढ्यात टाकल्या.

"मीच सोडल्या. तुमच्यावर जळून."

मास्तर हळूच म्हणाले, "बेनला माहीत होतं. आमच्या ह्यांनीच नेल्यात, आणतील परत, असं म्हणाल्या होत्या."

हेसुद्धा तिनं त्यांनाच सांगितलं.

"पण भाई, बाभळी तर शंभर आहेत. कुठली कुठं, ते कसं कळणार?"

"मला माहीत आहे," मी म्हणालो. जळणाऱ्या माणसाची नजर फार बारीक असते. कुठल्या झाडाला कुठली साडी, ती मी कधी आणली होती, तिला आवडली होती की नाही, सगळं डोक्यात खिळ्यासारखं बसलेलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी ओढ्यावर गेलो. मास्तर आधीच उभे होते. सालीवर गाठींचे वळ अजून होते, त्यावरच चिंध्या आल्या. आठ झाडांना मास्तरांनी टोक धरलं, मी गाठ मारली. अंजिरी चिंधीला त्यांनी हात पुढं केला.

"ही नको," मी म्हणालो.

ती मी एकट्यानं बांधली, दातांनी टोक ओढून. मग त्या बाभळीपासून सगळ्यात जवळच्या लाल खुंटीपर्यंत पावलं टाकत गेलो. साठ भरली, म्हणजे खुंटी पाण्याच्या हद्दीत साठ पावलं आत. परत येऊन पुन्हा मोजली. मास्तरांनी वही काढली, तेव्हा म्हटलं, लिहू नका. साहेबांना हे मी तोंडानं सांगणार.