पुलापलीकडची अकरा घरं

माझ्या हाताला वळण लागलं ते दिवाळीच्या किल्ल्यांमुळे. साताऱ्याकडचं आमचं गाव; माती कालवून बुरूज रचायचे, वर अळीव पेरायचे, हीच आमची दिवाळी. फौजेत हे कुणाला तरी कळलं आणि लखनौच्या छावणीत मी वाळूचे नकाशे करणारा सुभेदार झालो. खोलीभर लाकडी चौकट, त्यात वाळू. डोंगर हाताने थापायचे, नदीला निळी लोकर, जंगलाला रंगवलेला भुसा. साहेब लोक भोवती उभे राहून त्यावर लढाया आखतात. मला भारी गर्व होता त्याचा, खोटं कशाला बोलू!

त्या उन्हाळ्यात तीन मित्रदेशांचे अधिकारी आले होते. तिघांच्याही उशाशी एकच दांडगा शेजारी, दरवर्षी थोडं थोडं पुढे सरकणारा. तो चालून आला तर त्याला कुठे अडवायचं, कुणी कुणाला कुमक द्यायची, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं होतं. त्यातल्या सगळ्यात छोट्या देशाचा एक तरुण कॅप्टन माझ्याजवळ येऊन बसायचा. शिकला आपल्याकडेच, त्यामुळे हिंदी फर्डं. माझ्याबरोबर वाळूसुद्धा चाळायचा.

बेत असा होता की हल्ल्याच्या पहिल्याच दिवशी कॅप्टनच्या देशातल्या खोऱ्यातला पूल उडवायचा, म्हणजे शत्रू नदीपलीकडेच अडकेल. कॅप्टन हळूच म्हणाला, ‘उस पार मेरा गाँव है. ग्यारह घर. माँ वहीं रहती है.’

मी चमकलो. नकाशात गाव नव्हतंच. बिनकामाचं म्हणून मीच वगळलं होतं. तो म्हणाला, मी पडलो लहान अधिकारी, माझं कोण ऐकणार? पण घरं डोळ्यांना दिसली, तर कुणीतरी मोठा साहेब विचारेल की पूल उडवण्याआधी माणसं कशी काढायची. ‘बस, इतना दिखा दीजिए.’

‘अरे साहब, हम किसलिए हैं!’ मी छाती ठोकून सांगितलं. काड्यापेट्या कापून अकरा घरं केली. त्यातलं एक त्याने स्वतः दोन बोटं डावीकडे सरकवलं. ते त्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सादरीकरणाआधी आमचे साहेब पाहणीला आले. ‘ये क्या कचरा है? मेहमानों के सामने फालतू सवाल उठेंगे. हटाओ.’

एकच वाक्य बोलायचं होतं मला: साहेब, तिथे माणसं राहतात. पण माझी नोकरी दोन वर्षांनी वाढवायचा, एक्स्टेंशनचा कागद त्यांच्याच टेबलावर पडला होता. ‘जी साहब’ म्हणालो. ब्रशने घरं सुपलीत लोटली आणि वाळू अशी सारखी केली की खूणसुद्धा उरली नाही. त्यातही हाताची सफाई दाखवली मी, सांगायलाही लाज वाटते. कॅप्टनला गाठून सांगायला चांगला पाऊण तास होता. मी चहा पीत बसलो.

आपली पाळी आल्यावर कॅप्टन छडी घेऊन उठला. ‘सर, पुल के उस पार...’ छडी पुढे गेली आणि तिथेच थांबली. नुसती वाळू! त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहत राहिलो.

‘हाँ, उस पार क्या?’ कुणीतरी विचारलं.

‘कुछ नहीं, सर.’ तो खाली बसला. बेत जसाच्या तसा मंजूर झाला. मैत्रीची भाषणं झाली, टाळ्या झाल्या आणि सगळ्यांनी मलिहाबादचे दशहरी आंबे खाल्ले.

जानकीपुरमला घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भडकलीच. ‘अहो, दोन लिंबांसाठी सब्जीवाल्या भैयाशी अर्धा तास हुज्जत घालता तुम्ही! आणि तिथे दातखीळ बसली? उद्याच्या उद्या जाऊन त्याची माफी मागा.’

गेलो. तो बॅग भरत होता. रस्ताभर घोकलेली माफी दारातच विरली.

‘ऑर्डर था, साहब,’ एवढंच निघालं तोंडातून.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने शांतपणे शर्टाची घडी घातली.

‘समझता हूँ, सूबेदार साहब,’ तो म्हणाला, ‘पुल उड़ाने वाला भी यही कहेगा.’