वेदीपाशी अर्पण ठेवून

देवाच्या आज्ञा मोडणारी माणसं जगात पुष्कळ आहेत आणि त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांच्यातलाच मी एक. माझी तक्रार आहे ती आज्ञा पाळणाऱ्या एकाच माणसाबद्दल, आणि नेमके ते माझ्या बायकोचे मामा निघाले. पवित्र शास्त्रात जे लिहिलंय ते जसंच्या तसं, आजच्या आज आणि शक्यतो माझ्या मोटारसायकलवरून करायचं, असा त्यांचा नेम आहे. मामा भवानीनगरला कारखान्यात फिटर होते. बोल्टाला जे आटे तेच नटाला, मध्ये अर्थबिर्थ लावायला जागा नाही. शास्त्रही ते तसंच वाचतात. मी बारामतीत नोकरी करतो, आठवडाभर साहेबाची बोलणी खातो, रविवारी उपासना झाली की जरा पडावं म्हणतो, तर सकाळीच फोन येतो, "जावईबापू, गाडीत पेट्रोल हाय न्हवं?"

कुणी एक मैल चल म्हणाला तर त्याच्याबरोबर दोन मैल जा, असं प्रभूनं सांगितलंय. आपण ते ऐकतो, मान डोलवतो आणि घरी येऊन जेवतो. मामांना एकदा बारामतीच्या स्टँडवर एका माणसानं नुसतं विचारलं, इंदापूरची गाडी कुठं लागते. मामा त्याला गाडीपर्यंत घेऊन गेले, आत चढले, खिडकीची जागा धरून दिली आणि शेजारी बसून थेट इंदापूरला उतरले. त्या बिचाऱ्यानं सगळी वाट आपली पिशवी मांडीवर आवळून धरली होती म्हणे. मामांना परत आणायला कोण गेलं, हे सांगायला नकोच. दोन अंगरखे असतील तर एक द्यावा, हीही आज्ञा त्यांनी अशीच पाळली, फक्त अंगरखे माझे होते. थंडीत कुडकुडणाऱ्या एका ऊसतोड्याला माझं नवं जर्किन देऊन टाकलं आणि वर मलाच म्हणाले, "तुमच्याकडं दोन व्हती. मी बघितली हायती."

पण या आज्ञा परवडल्या. जीव काढते ती समेटाची. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की कुणाच्या तरी मनात आपल्याविषयी राग आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. मामांना हे हमखास उपासनेच्या मधोमध आठवतं. पाळकसाहेब प्रार्थनेला डोळे मिटायला सांगतात तेव्हा मी एक डोळा मामांवर ठेवतो. ते उठले की मी खिशात किल्ली चाचपतो. बरं, समेट करायचा तर आधी भांडण हवं, तर तेही हे स्वतःच लावून देतात. किराणावाल्या शेखभाईंना भर दुकानात म्हणाले, "परवा तुमच्या काट्याविषयी माझ्या मनात वाईट आलं. माफी करा." शेखभाईंना काही पत्ताच नव्हता. "काय वाईट आलं, मामा? गिऱ्हाइकांसमोर सांगताय तर पुरतं सांगा की!" मग त्यांनी समोर असतील तेवढ्यांच्या पिशव्या रिकाम्या करून साखर न् डाळ पुन्हा तोलून दाखवली. काटा चोख निघाला. आता शेखभाई मामांना लांबूनच सलाम घालतात आणि आत निघून जातात.

एक समेट मात्र काही केल्या होत नव्हता. सुप्याला मामांचे धाकटे भाऊ असतात, तात्या. तात्यांच्या मुलीला, रूथला, बघायला इंदापूरकडचे पाहुणे आले होते. मुलगा शिक्षक, घर चांगलं, सगळं जमल्यात जमा. पाहुण्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, मुलीला काही दुखणंखुपणं? तात्या नाही म्हणाले. आणि थोरले चुलते म्हणून मानानं बसवलेले मामा म्हणाले, "ल्हानपणी क्षयाचं औषध घेतलं व्हतं. आता ठणठणीत हाय." खोटी साक्ष देऊ नको, झालं! पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. तात्यांनी मामांना घराबाहेर काढलं. रूथचं पुढं कुठंच जमलं नाही; ती गावातच अंगणवाडीवर लागली.

तेव्हापासून दर वर्षी सुगीच्या सणाला आमची फेरी ठरलेली. भवानीनगरच्या चर्चमध्ये कुणी ज्वारी आणतं, कुणी भोपळे, कुणी उसाची मोळी. मामा कोंबडा आणतात, वेदीपाशी बांधतात आणि मला खूण करतात. इकडे कोंबडा शास्त्रपाठात आरवत असतो, आणि आम्ही दोघं बारामती, मोरगाव करत उन्हातून सुप्याला चाललेले असतो. तिथं दरवर्षी तेच. मामा अंगणातून म्हणणार, "तात्या, समेटाला आलोय." आतून तात्या म्हणणार, "चुकलं म्हण." मामा म्हणणार, "तुझं मन दुखलं ते चुकलं. बोललो ते न्हाय चुकलं." की धाडकन दार! परत येताना मी वैतागून म्हणतो, "अहो, टाकायचं म्हणून एकदा! काय जीभ झडणार आहे?" तर म्हणे, "खोटी माफी मागून काय करू, जावईबापू?" अशा माणसाशी वाद तरी काय घालायचा!

यंदाही दार लागलं. मी गाडीला किक मारणार, तर मामा अंगणातल्या दगडावर खाली बसले. गुडघे गेलेत त्यांचे. दमलेला मीही होतो. तेवढ्यात मागच्या दारानं रूथ पाण्याचा तांब्या घेऊन आली. केसांत पांढरं दिसायला लागलंय तिच्या. मामांचं पाणी पिऊन होईस्तोवर ती थांबली आणि मग म्हणाली, "आबा, दर साली बाबांकडं येता. लगीन कुणाचं मोडलं व्हतं?"

मामांनी तांब्या खाली ठेवला.

"मला तो आवडला व्हता," ती म्हणाली. "त्याला मी सांगणारच व्हते. दुखणं माझं व्हतं, आबा. सांगायचं ते मी सांगायचं व्हतं. तुमी मला इचारलंसुदिक न्हाय."

मामा गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी टोपी काढली, हात जोडले आणि म्हणाले, "माझं चुकलं, बाय." तात्यांनी जे ऐकायला इतकी वर्षं दार लावून घेतलं, ते हे असं अंगणात, हळू आवाजात, दुसऱ्यालाच बोललं गेलं. दाराआड तात्या खाकरल्याचं मला ऐकू आलं, पण दार उघडलं नाही.

"मला माफी हाय का?" मामांनी विचारलं.

रूथनं रिकामा तांब्या उचलला. "न्हाय अजून," ती म्हणाली. "पण या परत. मला भेटायला या."

मोरगाव मागं पडलं. मामांनी कपाळ माझ्या पाठीला टेकलं होतं आणि माझा शर्ट ओला होत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मामा, परत या म्हणाली ना ती."

"खरं बोलली पोर," ते म्हणाले. मग बारामतीच्या अलीकडं म्हणाले, "एवढी वर्सं मी दारात उभा, जावईबापू. अन् ती आतच बसलेली व्हती."

मी गाडी हळू घेतली.