बिनसुराचं वाचन

जाहिरातींना आवाज देणाऱ्या तिला सगळा स्टुडिओ वहिनी म्हणे. साबणापासून सिमेंटपर्यंत सगळं तिच्या आवाजावर खपायचं, आणि निवडणूक आली की उमेदवारही. आवाज कुठे खाली आणायचा, ‘तुमच्या मुलांसाठी’ म्हणण्याआधी किती थांबायचं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

एकदा मात्र बाई स्वतःच्याच जाळ्यात सापडल्या. भांडी घासताना रेडिओवर तिचीच जाहिरात लागली, ऐकता ऐकता तिलाच ते खरं वाटलं, आणि ती त्याच उमेदवाराला मत देऊन आली. निवडून आल्यावर त्याने काय दिवे लावले ते विचारू नका. तेव्हापासून तिने एक रीत पाळली. मजकूर हाती आला की आधी बिनसुराचा वाचायचा, किराण्याची यादी वाचावी तसा. त्यात तग धरेल त्याच वाक्याला सूर. पोट ज्या सुरावर भरतं त्याच्यावरच पहारा ठेवायला छाती लागते, आणि ती तिच्याकडे होती.

यंदा धाकटा दीरच निवडणुकीला उभा राहिला. त्याच्या जाहिरातीच्या कागदावर होतं, ‘दवाखान्यातल्या खाटा दुप्पट केल्या.’ तिने सपाट वाचलं आणि विचारलं, कधीच्या दुप्पट? दीर चुळबुळला. दुरुस्तीसाठी निम्म्या खाटा बंद होत्या, त्या वर्षीच्या. म्हणजे मुळात होत्या तेवढ्याच झाल्या.

“भाऊजी, बंद खाटा पुन्हा सुरू केल्या असं लिहा. जीव ओतून वाचते.”

काम खरंच त्याने धावपळ करून केलं होतं. पण त्याला ते वाक्य पुळचट वाटलं. घरचीच माणसं पाय ओढतात म्हणत तो आईकडे गेला.

सासूबाईंचा जीव धाकट्यात अडकलेला. त्यांनी सुनेला बोलावून तोच कागद वाचायला लावला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. या घरात तिला आजवर कुणी वाकडा शब्द बोललं नव्हतं, ते सगळं आता जाणार असं तिला वाटलं. तरी तिने बिनसुराचंच वाचलं.

सासूबाईंनी कागद घेऊन मुलाच्या हातात दिला.

“आता तू वाच. तिच्यासारखंच. माझ्याकडे बघून.”

त्याने सुरुवात केली. ‘खाटा’पर्यंत गेला आणि थांबला. ‘दुप्पट’ काही तोंडातून निघेना.

“वहिनी,” तो म्हणाला, “पेन आहे का?”