प्रेमसिंगचं कांबळं

साखऱ्यात अक्षरं ओळखणारा मुंजाजी एकटाच, म्हणून गावानं त्याला डोक्यावर बसवलेलं. बर्माच्या लढाईतून गावच्या दगडोबाचं कार्ड आलं की हा पारावर बसून वाचायचा, अन् वाचताना पराचा कावळा करायचा. दगडोबा लिहायचा, "पाऊस आहे. बूट फाटले." हा वाचायचा, "पाऊस पडो का गोळे, आपला गडी हटत न्हाई!" लोक खूश. कार्ड तीन ओळींचं अन् वाचन चांगलं घटकाभर चालायचं!

तांड्यावरची रूपाबाई दर कार्डाला यायची. तिचा थोरला, प्रेमसिंग, दगडोबाच्याच पलटणीत. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्याची खबर दगडोबाच्या कार्डातूनच कळायची. चव्वेचाळीसच्या संक्रांतीला ओळ आली, "प्रेमसिंगचं कांबळं आता मी पांघरतो."

"बघ माय, दोस्ती कशी! आपलं पांघरूण देऊन टाकलं!" मुंजाजी म्हणाला. आपल्याकडं मेलेल्याचं पांघरूण कोणी अंगावर घेतं का? त्याच्या मनात दुसरं येणारच कसं? रूपाबाई हरखली. धाकट्या वसरामलाही भरतीला धाडायचं तिनं तिथंच ठरवलं.

होळीनंतर दुसरं कार्ड आलं. मुंजाजीनं आधी मनातच वाचलं, अन् पारावरच्यांना हळूच सांगितलं. वसराम त्याच दिवशी भरतीला हिंगोलीला निघणार होता, म्हणून रूपाबाई पारावर आली नव्हती.

"सरकारी कागद येऊ दे, तू काहून वाईट होतो?" पारावरचे म्हणाले.

"माझ्या जिभंनं घोळ घातला, तीच निस्तरील," असं म्हणून तो भर उन्हात तांड्याकडं सुटला. वाटेत दोनदा वाटलं, परत फिरावं. फिरला न्हाई.

वसराम खांद्यावर गठुडं घेऊन दारात उभा. रूपाबाई कौतुकानं म्हणाली, "आलास बराबर येळंवर! वाच, झ्याक वाच."

कार्डात लिहिलं होतं तेवढंच मुंजाजीनं आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. "कांबळ्याचं वाईट वाटून घेऊ नका. इथं थंडी फार. मेलेल्याचं पांघरूण टाकून देता येत नाही. प्रेमसिंगच्या मायला रामराम."

"म्होरं?"

"म्होरं न्हाई, माय."

रूपाबाईनं त्याच्या तोंडाकडं बघत विचारलं,

"ह्यात तुझं किती?"

"एक अक्षर न्हाई."

तिनं वसरामच्या खांद्यावरचं गठुडं उतरवलं, अन् गाठ सोडता सोडता खाली बसली.