चारोच्या बाटलीतला काचेचा केस

इत्सियार गोन्यी नेमकं काय काम करते, हे चांत्रेआ वस्तीत कुणालाच धड सांगता येत नाही. पण म्हणून सांगायचं कुणी थांबलेलं नाही. बेकरीवाली म्हणते, बाई विद्यापीठात डॉक्टर आहे. कोपऱ्यावरचा बारवाला म्हणतो, इंटरनेटच्या तारा ओढते. आणि तिचा सख्खा बाप, सातुर, चारचौघांत सांगतो, "आमची पोरगी केस रंगवते."

तसं बघितलं तर बापाचं सगळ्यांत खरं. फक्त ते केस काचेचे. काचेचा बारीक तंतू घ्यायचा, बोटभर लांबीपुरतं त्याच्या अंगावरचं प्लास्टिक सोलायचं, तंतू पुसून लख्ख करायचा आणि हवा काढून घेतलेल्या पेटीत टांगायचा. तिथे त्याच्यावर धातूच्या ऑक्साइडचा थर बसतो. इतका पातळ, की आपल्याला कुणी कपडे घातलेत हे त्या तंतूलाही कळू नये. मग एका टोकाने पांढरा उजेड सोडायचा. त्यातला एखादाच रंग त्या थरातून निसटतो, आणि पडद्यावरच्या रेघेत तेवढ्या जागी खड्डा पडतो. तंतू पाण्यात बुडवला की खड्डा एका जागी. साखरेच्या पाण्यात बुडवला की पुढे सरकलेला. द्रव उजेडाला जितका जास्त वाकवील, तितका खड्डा लांब पळतो. त्याला अपवर्तनांक मोजणं म्हणतात. इत्सियारच्या साहेबांनी, प्राध्यापक लार्रायोसांनी, एकदा ग्लासात चमचा तिरपा बुडवून सातुरला हे सगळं अर्धा तास समजावलं. सातुरने मान डोलावून ऐकलं आणि शेवटी विचारलं, "आणि ग्लासात होतं ते प्यायचं कधी?"

सातुरचा जन्म मोटारींच्या कारखान्यात, रंगखात्यात गेला. "मी आख्ख्या मोटारी रंगवल्या," तो लेकीला चिडवतो, "आणि तुला एक केस रंगवायला दिवस लागतो. वर खुर्ची पण तुलाच!"

नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर इत्सियार बापाच्या घरी राहायला आली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बाप सांभाळायला आली असं ती म्हणते. लेक सांभाळतोय असं तो म्हणतो. शेजारच्या मिलाला दोघांचंही पटतं, कारण दोन्ही घरांच्या अंगणांमधली भिंत जेमतेम छातीएवढी, आणि मिलाची छाती तशी उंच नसली तरी कान लांब आहेत.

त्या घराची खरी मालकीण मात्र अजूनही चारो. चारो म्हणजे सातुरची बायको, इत्सियारची आई. ती गेली, पण तिचं पाचारान, म्हणजे बोरांची दारू, राहिलं. शरद ऋतूत डोंगरउतारावरच्या काटेरी झुडपांची काळीनिळी बोरं तोडून आणायची, बडीशेपेच्या गोड दारूत, म्हणजे अनीसमध्ये, घालायची, वर कॉफीचे चार दाणे टाकायचे आणि बरणी जिन्याखाली अंधारात सारायची. दालचिनी घालणाऱ्या घरात मुलगी देऊ नये, असं चारोचं स्पष्ट मत होतं. मिलाच्या घरी दालचिनी घालतात. ते असो. पण खरी मेख गाळण्याच्या वेळेत. लवकर गाळलं तर नुसती गोड दारू. उशीर झाला तर बोरांच्या बियांचा कडूपणा उतरतो आणि बरणी मोरीत. चारो रोज एक चमचा चाखायची आणि एका दिवशी म्हणायची, "आज." तिच्यामागे ते "आज" म्हणायचं काम सातुरकडे आलं, आणि त्याने ते कधी चुकवलं नव्हतं. वस्तीतल्या पुरुषांनी एकत्र रांधून जेवायचं एक स्वयंपाकमंडळ आहे; त्या मंडळाचं वसंतातलं मोठं जेवण सातुरच्या पाचारानशिवाय उठत नसे. करणाऱ्याने उभं राहून पहिला घोट घ्यायचा, जीभ टाळूला वाजवायची, मगच बाकीच्यांनी पेले उचलायचे, अशी तिथली रीत.

यंदा मात्र सातुरचं "आज" काही निघेना. रोज सकाळी जिन्याखाली वाकायचा, चमचा तोंडात धरायचा, छताकडे बघायचा आणि म्हणायचा, "अजून नाही."

इत्सियारने आधी लक्ष दिलं नाही. मग एका रविवारी ती भाजी घेऊन परत आली, तर घर धुराने भरलेलं. तव्यावर चिस्तोर्रा, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, जळून कोळसा झालेला, आणि सातुर शेजारच्या खोलीत पाठ करून निवांत रेडिओवर फुटबॉल ऐकत बसलेला. भिंतीपलीकडून मिला ओरडत होती, "अरे सातुर! पोप निवडताय काय तुम्ही? काळा धूर आलाय, म्हणजे अजून ठरलेलं दिसत नाही!"

"मॅचमध्ये रंगलो होतो," सातुर खिडक्या उघडत म्हणाला. आणि तो कोळसा त्याने पावाबरोबर खाल्ला. वर म्हणाला, "थोडी खरपूस झालीय, नाही?"

दुसऱ्या दिवशी इत्सियारने त्याच्या कॉफीत साखरेच्या आधी चिमूटभर मीठ टाकलं. त्याने कप संपवला. मग तिला एकेक आठवायला लागलं. हिवाळ्यात त्याला तो जबर ताप येऊन गेला, त्यानंतर जेवणाला त्याने एकदाही नाव ठेवलं नव्हतं. सातुरसारख्या माणसाने तिच्या हातच्या रश्शाला नाव ठेवू नये, म्हणजे प्रकृती गंभीरच म्हणायची. आणि ज्याला चव कळत नाही त्याने रोज "अजून नाही" म्हणावं, याच्याइतकं बिनधोक उत्तर नाही. पण बरणी थांबणार नव्हती. मंडळाचं जेवण तोंडावर आलं होतं, आणि तिथे म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर कडूजहर घोट घेऊन खुशीत जीभ वाजवली असती, तर पुन्हा त्याने जिन्याखाली कधीच वाकून बघितलं नसतं.

सरळ विचारावं, तर सातुर कबूल करणाऱ्यातला नव्हे. तिने वेगळीच युक्ती काढली.

कपाटात वरच्या फळीवर चारोची शेवटची बाटली होती. हिरव्या जाड काचेची, खुद्द चारोने गाळलेली. तिला कुणी हात लावायचा नाही, असा घरातला नियम. तिच्यातलं पाचारान उजेडाला किती वाकवतं ते मोजायचं; बरणीतलं रोज मोजायचं. बोरांचा रस अनीसमध्ये उतरत जातो तसा आकडा खाली येत जाणार. दोघांचे खड्डे एका जागी आले की तो चारोचा दिवस. मग बापाला हळूच सुचवायचं, आणि "आज" त्यालाच म्हणू द्यायचं.

प्रयोगशाळेत थर वेडावाकडा बसलेले तंतू एका दह्याच्या रिकाम्या डब्यात टाकतात. त्यातला जरा बरा तंतू तिने निवडला आणि जेवणाच्या सुट्टीत लहान बाटल्या टेबलावर मांडल्या. लार्रायोससाहेब हातात सँडविच घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"इत्सियार, हे संशोधन आहे की मेजवानी?"

"घरगुती अडचण आहे, साहेब."

"असल्या अडचणी आमच्या घरी का येत नाहीत?" म्हणून ते गेले. दोन प्रश्नांपलीकडे काही विचारलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

बरणीतल्या पाचारानचा खड्डा अपेक्षेच्या आसपास आला. मग तिने तंतू पाण्यात विसळून चारोच्या पाचारानमध्ये सोडला, आणि खड्डा जो पळाला तो कुठल्या कुठे गेला. डब्यातला टाकाऊ तंतू, म्हणून तिने दुसरा घेतला. तेच. चांगला, नवा, कालच थर दिलेला घेतला. तेच. तेव्हा तिचं लक्ष धुवायच्या पाण्याकडे गेलं. अनीसमध्ये पाणी पडलं की दुधासारखं पांढरं होतं, तसं ते ढगाळलं होतं. बरणीच्या थेंबांनी झालं नव्हतं इतकं. आणि हिरव्या काचेतून बाहेर काढल्यावर आईचं पाचारान कसं दिसत होतं? पुन्हा पुन्हा धुतलेल्या लाल सदऱ्यासारखं फिकट. तिला वाटलं होतं, जुनं झालं, रंग उतरला असेल.

संध्याकाळी तिने घरातल्या अनीसच्या बाटलीतलं थोडं नेण्यासाठी कपाट उघडलं, तर ती बाटली जवळजवळ रिकामी. उरलेलं दुसऱ्या दिवशी मोजलं. खड्डा चारोच्या खड्ड्याला जवळजवळ चिकटून.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा सातुर मागच्या अंगणात लसणीच्या वाफ्यात बसला होता. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"पापा, आईच्या बाटलीत अनीस कुणी ओतलं?"

"कुठली बाटली?"

"माझ्या आया दहा नाहीत. बाटलीही एकच आहे."

सातुरने एक गवताची काडी उपटली, मग चुकून एक लसूणही उपटली. "तुझ्या त्या केसाने सांगितलं काय?"

"हो."

"चुगलखोर केस." तो मातीकडे बघत राहिला. "कधीतरी एखादा घोट घ्यायचो. कमी दिसू नये म्हणून वर भर घालायचो. त्यात काय?"

इत्सियारचा चेहराही जरा पडला. "मीपण," ती शेवटी म्हणाली.

"मीपण काय?"

"चर्चमध्ये आईच्या नावाचा सण असतो, त्या दिवशी. दरवर्षी. छोटा पेला. आणि वर तुझं पाचारान ओतायचे."

"चोर!" सातुर ताठ बसला. "माझ्या घरात राहून!"

"तू कोण मग?"

"मी नवरा आहे तिचा!"

तेवढ्यात भिंतीवर मिलाचं डोकं उगवलं. "बरं झालं बाई, विषय निघाला," ती म्हणाली. "मी उगीच एकटी मनाला लावून घेत होते."

"तू?" बाप-लेक एकदम म्हणाले.

"तुम्ही समुद्रावर जाता तेव्हा तुमच्या जिरेनियमना पाणी कोण घालतं? माझा घसा काय कोरडाच राहू द्यायचा?"

"आणि वर काय ओतलंस?"

मिलाने क्षणभर विचार केला. "आमचंच. घरचं."

"दालचिनीवालं?" सातुर किंचाळला. "चारोच्या बाटलीत दालचिनी?"

मिलाचं डोकं मावळलं. इत्सियारला हसू आवरेना, सातुरही हसला, खांदे गदगदले, डोळ्यांत पाणी आलं. पण हसणं थांबलं आणि पाणी थांबलं नाही, तेव्हा इत्सियार त्याच्याशेजारी वाफ्यातच मांडी घालून बसली.

"इतकं अनीस एखाद्या घोटाचं नाही, पापा. अख्खी बाटली गेलीय."

"ताप उतरला ना," तो म्हणाला, "तेव्हापासून रोज घेतो. रोज एक. म्हटलं, आज लागेल. उद्या लागेल. दुसरं काही नाही लागलं तरी चालेल, तिचं तरी जिभेला ओळखू येईल." त्याने उपटलेली लसूण नाकाशी धरली आणि खाली ठेवली. "काही नाही. कॉफी म्हणजे गरम पाणी. चिस्तोर्रा म्हणजे ओला दोरखंड. तिचा तो निळा स्वेटर आहे ना कपाटात, त्यालाही आता वास नाही. मला वाटलं स्वेटरचा गेला. मग कळलं, माझा गेलाय."

इत्सियारने त्याचा मातीने भरलेला हात धरला. स्वेटरला अजून आईचा वास येतो, हे तिला ठाऊक होतं. सांगावं की नाही, तिला ठरवता येईना. मग तिने सांगितलं.

"येतो?" सातुर म्हणाला. "खरंच? कसला?"

"साबणाचा. आणि थोडा तळणाचा."

"तळणाचा तर येणारच," तो म्हणाला, आणि त्याला खूप बरं वाटलेलं दिसलं.

थोड्या वेळाने तो उठला, गुडघे झटकले. "बाटली गेली हातची. तुझा केस आता कशाशी ताडून बघणार?"

"कशाशीच नाही."

"मग तूच चाख."

दोघं जिन्याखाली वाकली. त्याने चमचा भरून तिच्या तोंडाशी नेला, लहानपणी औषध द्यायचा तसा.

"गिळू नकोस लगेच. जिभेच्या कडेला काय?"

"तुरट."

"मधे?"

"गोड. पण चिकट गोड नाही."

"आता गिळ. मागे, घशाशी काय राहिलं?"

तिने डोळे मिटले. "बदामासारखं काहीतरी."

"बदाम की कडू? नीट सांग पोरी, इथेच सगळं आहे. बदाम येतो आणि त्याच्या मागोमाग कडू येतं. तुझी आई बदामाला थांबवायची."

तिने दुसरा चमचा घेतला. बराच वेळ तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"बदाम," ती म्हणाली. "कडूला जरा अवकाश आहे."

"मग बघतेस काय? फडकं आण, गाळणी आण!" सातुर ओरडला. "आज! आत्ता!"

मंडळाच्या जेवणाला बायका पाहुण्या म्हणून येतात, पण चुलीच्या खोलीचा उंबरा ओलांडत नाहीत. आणि पाचारानचा पहिला पेला त्या खोलीतच भरतात. कोकराचा रस्सा झाला, शेवटी मध घातलेलं दही झालं, टेबलं शांत झाली. सातुर पेला हातात घेऊन उंबऱ्याशी आला. सगळे त्याच्या जिभेची वाट बघत होते. त्याने पेला इत्सियारपुढे धरला.

मंडळाचे अध्यक्ष खेनारो खाकरले. "सातुर, पहिला घोट करणाऱ्याचा."

"पहिला घोट ज्याला चव कळते त्याचा," सातुर म्हणाला. "माझी गेली. हिवाळ्यात. यंदाचं हिच्या जिभेवर गाळलंय. कडू निघालं तर हिलाच शिव्या द्या."

खेनारोंनी एकदा उंबऱ्याकडे पाहिलं, एकदा सातुरकडे, आणि मग सरकून इत्सियारला आत यायला जागा करून दिली.

तिने घोट घेतला. गिळला. आणि जीभ टाळूला वाजवली; तशी वाजवायची सवय नव्हती, त्यामुळे जरा बारीकच वाजली. पण वाजली. पेले उचलले गेले, कुणीतरी "चारोचंच!" असं ओरडलं, मागच्या टेबलावरून मिला म्हणाली की दालचिनी असती तर अजून बहार आली असती, आणि तिला चौघांनी गप्प बसवलं.

सातुरने आपला पेला सवयीने नाकाशी धरला. मग लेकीकडे झुकून हळूच विचारलं, "बदाम?"

"बदाम," इत्सियार म्हणाली.

त्याने डोळे मिटले आणि पेला एका दमात रिकामा केला.