डावा गाल

राइट टाउनच्या दवाखान्यातली ती फिजिओथेरपिस्ट माझ्या विनोदांना कधीच हसली नाही. माझ्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. डोळा मिटत नव्हता आणि चहा ओठांच्या कोपऱ्यातून थेट सदऱ्यावर उतरायचा. तरी मी रोज किस्से रंगवायचो. ती टक लावून नुसती माझ्या डाव्या गालाकडे बघत राहायची.

मग कानामागे बोट टेकवून म्हणायची, "मेंदूचा हुकूम निघून राहिला, काकाजी. पण इथं नस सुजली, म्हणून गालापर्यंत पोचत नाही. चलो, गाल फुगवा."

मी फुगवायचो. हवा डावीकडून फुस्स.

"पुन्हा पहिल्यासारखं हसता येईल ना?" एकदा मी हळूच विचारलं.

"नस सावकाश जागी होते. काहून घाई करून राहिले?"

एका दुपारी मी दुसऱ्याचीच स्कूटर पुसून चकचकीत केल्याची फजिती सांगितली आणि ती खळखळून हसली. मी लगेच फुशारलो.

"किस्सा फालतूच होता, काकाजी," डोळे पुसत ती म्हणाली. "पण गाल हलला."

आता ती दुसऱ्या गावी असते. माझ्या किस्स्यांना लोक हसतात, पण ऐकताना माझ्याकडे तसं कुणी बघत नाही.