थीम पार्कच्या हॉटेलात सुपारी फोडायची असेल तर

मुलीच्या लग्नाची बोलणी थीम पार्कमधल्या हॉटेलात करायची हा निर्णय माझा नव्हता, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर या ब्लॉगचे नेहमीचे वाचक मलाच धरतील. निर्णय होणाऱ्या व्याह्यांचा, नामदेवरावांचा. त्यांचा मुलगा रोशन मुरबाडच्या बाजूला झालेल्या एका मोठ्या थीम पार्कमध्ये इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. पार्कचं नाव लिहीत नाही. त्यांचा आवाज माझ्याशिवायही पुरेसा आहे. मे महिन्याचा सीझन, रविवारी रोशनला सुट्टी नाही, जेवायला मात्र एक ते दोन मोकळा.

"तिथलाच हॉटेल बुक करतो," नामदेवराव फोनवर म्हणाले. "स्टाफला डिस्काउंट हाय. एकदम हायफाय. तुमी फक्त या."

आमची प्रियांका शहापुरात एका दवाखान्यात नर्स आहे. ती एवढंच म्हणाली, "पप्पा, कुठेही करा. पण लग्नानंतर नोकरी चालू राहील, हे सगळ्यांसमोर बोलून घ्या."

इथे आमची पद्धत सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घराण्यात बोलणी ठरली की घरातला वडीलधारा प्रत्येक अट मोठ्याने म्हणतो आणि विचारतो, "ऐकला का?" पाच जणांनी "ऐकला" म्हणायचं. दोन मुलीकडचे, दोन मुलाकडचे आणि पाचवा तिऱ्हाईत, ज्याला या सोयरिकीत काही मिळायचं नाही असा. मग सुपारी फोडायची. कागद नाही, सही नाही. पाच जणांचे कान, बस्स. आमच्याकडून ऐकणारे दोन म्हणजे मी आणि माझा थोरला भाऊ, दादा. दादा सत्तरीचा, डोळखांबच्या बाजूला शेतावर राहतो आणि त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

आता माझ्याविषयी, नवीन वाचकांसाठी. माझी साउंड सर्व्हिस आहे. दहावीनंतर शाळा सुटली. ॲम्प्लिफायर मी रेडिओ उघडून, शॉक खात, एकट्याने शिकलो. आज तालुक्यात कुठे शिट्टी मारणारा माईक गप्प करायचा असेल तर मलाच बोलावतात. माझा पहिला कार्यक्रम म्हणजे माझ्याच बहिणीची, कमलची सुपारी. आमच्याच अंगणात, माझ्याच हाताने जोडलेला चाळीस वॅटचा सेट, आंब्यावर बांधलेला एक भोंगा. ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली असेल.

दादा आदल्या दिवशीच शहापूरला येऊन राहिला. रविवारी सकाळी अकरा वाजता आम्ही चौघं निघालो: मी, बायको, प्रियांका आणि पुढच्या सीटवर दादा, उजवा कान माझ्याकडे येईल असा तिरका बसून. रस्ता किन्हवलीवरून सरळगाव. किन्हवलीपर्यंत रस्ता बरा, पुढे दोन ठिकाणी मोरीचं काम चालू आहे, दुचाकीवाल्यांनी जपून. किन्हवलीला चहा आणि भजी जरूर घ्या. मी घेऊ दिली नाहीत, "हायफाय जेवायचंय" म्हणून. हा सल्ला माझ्या चुकीतून आलेला आहे.

सरळगावला हायवे लागला की पार्कच्या पाट्या सुरू होतात. पार्किंग शंभर रुपये, सावली नाही.

गेटवर पहिला धक्का. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत. दादाच्या पिशवीतून दोन अख्ख्या सुपाऱ्या, चंची आणि पितळी अडकित्ता निघाला.

"काका, हे चालणार नाही," सिक्युरिटीवाला म्हणाला. "तंबाखू मना आहे. आणि हे काय, हत्यार?"

"अडकित्ता हाय तो! सुपारी फोडायला आलोय आमी!"

सिक्युरिटीवाला एक पाऊल मागे सरकला. मी मध्ये पडलो आणि लग्नाची सुपारी म्हणून खुलासा केला. त्याने अभिनंदन केलं, सगळं एका टोपलीत टाकलं आणि आम्हाला सत्तावीस नंबरचं टोकन दिलं. बोलणीला निघालेली मंडळी सुपारीशिवाय आत गेली. पिढ्यानपिढ्यांत असं पहिल्यांदाच झालं असावं.

हॉटेलची थीम होती गाव. हो, गाव. आम्ही गावातून तासभर गाडी हाकून गाव बघायला आलो होतो. दारात फायबरची बैलजोडी, प्लास्टिकच्या गवताचं छप्पर, भिंतीवर सारवल्यासारखा रंग, फेटे बांधलेले वेटर आणि त्यांच्या कानात वायरलेस. दारावर नाव लिहून घेतलं आणि हातात एक चकती दिली, ती थरथरली की टेबल रिकामं झालं समजायचं. चकती पस्तीस मिनिटं थरथरली नाही. बाहेर दोन-अडीचशे माणसं, पोरांचे ओले कपडे, सनस्क्रीनचा वास. विहीणबाईंना घेऊन आधीच पोचलेले नामदेवराव इस्त्रीच्या सफारीत घामाघूम होऊन सगळ्यांना सांगत होते, "गर्दी हाय म्हणजे चीज हाय."

दर सात मिनिटांनी डावा बैल हंबरायचा. घड्याळ लावून बघितलं, बरोबर सात. तिसऱ्या वेळी दादा उठला, बैलाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि परत येऊन म्हणाला, "बारक्या, याला पाणी नाय दिला का रे कोणी?"

टेबल मिळालं तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. रोशन ड्युटीच्या कपड्यात, कमरेला टेस्टर, धावत आला. दादाच्या पाया पडला. काहीतरी बोलला. काय, ते कळलं नाही, कारण आम्ही आत होतो.

आतल्या आवाजाबद्दल मी अधिकाराने लिहू शकतो. आवाज मोजायचं यंत्र माझ्या खिशात असतंच. चौऱ्याण्णव डेसिबल. माझ्या हळदीच्या कार्यक्रमात, लोक जेवत असताना, मी एवढा ठेवत नाही. चूक कुठे होती तेही सांगतो: स्पीकर समोरासमोर, त्यातला एक उलटा जोडलेला, आणि वर गवत दिसत असलं तरी आत पत्रा. खरं गवत आवाज पितं, प्लास्टिकचं परत फेकतं. त्यात दर टेबलाला कुणाचा तरी वाढदिवस. वाढदिवस आला की सहा वेटर हलगी घेऊन टेबलाभोवती नाचतात. साडेसातशेच्या थाळीत भाकरी हातावर मावेल एवढी, वांग्याचं भरीत मात्र चांगलं, ते मान्य करायला हवं.

मी मॅनेजरकडे गेलो. "आवाज कमी करता येईल का? पाच मिनिटं."

"सर, हा आमचा ॲम्बियन्स आहे."

"अहो, पण तुमचा एक स्पीकर उलटा जोडलाय."

"सर, वरून सेट आहे," त्याने छताकडे बोट दाखवलं. वर म्हणजे मुंबईचं ऑफिस, हे मला नंतर कळलं.

दीड वाजला. नामदेवराव उभे राहिले. त्यांनी एका फेटेवाल्या वेटरला दंडाला धरून उभं केलं आणि पाच बोटं दाखवली, म्हणजे हा पाचवा. मग त्यांचे ओठ हलू लागले. हात हलले. विहीणबाईंनी मान डोलावली. वेटरने अंगठा वर करून "येस सर" केलं. माझीही मान हलली. खोटं कशाला लिहू, हलली. एकही शब्द ऐकू न येता हलली, कारण वेळ जात होता आणि सगळ्यांच्याच हलत होत्या. प्रियांका माझ्याकडे बघत होती.

दादाची मान हलली नाही.

नामदेवरावांनी पुन्हा हात हलवले. दादाने दोन्ही हात टेबलावर ठेवले, आणि हलगी थांबली त्या एका क्षणात सगळ्यांना ऐकू गेलं: "मी नाय ऐकला."

नामदेवरावांचं तोंड उतरलं. विहीणबाई ताटात बघू लागल्या. मी दादाच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. "दादा, ठरलेलंच आहे सगळं. हो म्हणून टाक. पोराची सुट्टी संपतेय."

दादाने माझी मान धरली आणि माझ्या कानात बोलला. बैल हंबरत होता, तरी शब्द न् शब्द पोचला.

"कमलच्या सुपारीला मी असाच हो म्हणलो व्हतो. तिला दहावीची परीक्षा द्यायची व्हती. ते लोक काय बोलले मला नाय ऐकला, मी मान हलवली. मागून म्हणाले, पाच जणांनी ऐकलंय, पोरगी परीक्षेला बसणार नाय. आंब्यावर तुझाच भोंगा व्हता."

मी खाली बसलो. ताटात भरीत होतं.

रोशनला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. पण त्याने दादाचा चेहरा बघितला, माझा बघितला, घड्याळ बघितलं आणि सगळ्यांना हाताने "चला" केलं. भरल्या ताटावरून उठवून त्याने आम्हाला किचनच्या बाजूने नेलं, 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' लिहिलेलं दार ढकललं आणि आम्ही मागच्या अंगणात आलो.

दार बंद झालं आणि कान सुन्न झाले. मागे एक जुनं मोहाचं झाड, त्याखाली भांडी घासायचा कट्टा, आणि आजूबाजूच्या पाड्यांवरच्या सात-आठ बाया डबे उघडून जेवत बसलेल्या. नाचणीची भाकरी, सुकटाची चटणी. पुढच्या खोट्या गावात जे साडेसातशेला नव्हतं ते इथे डब्यात होतं.

"मी रोज इथंच जेवतो," रोशन म्हणाला. "आत मला पण काय ऐकू येत नाय."

बायांमधली एक म्हातारी दादाकडे बघून उठली. "डोळखांबकडचं ना तुमी? माझी लेक तिकडंच दिलीय." पारूबाई तिचं नाव. दोन मिनिटांत दादाला तिच्या लेकीच्या पाड्याची वाट, विहीर आणि वाटेतलं देऊळ सगळं ओळखीचं निघालं. दादा तिला म्हणाला, "बाई, पाचवी व्हशील का? पोरीची बोलणी हाय."

"व्हते की. पण ऐकू आला तरच म्हणेन हां."

"तेच पायजे."

दादाने एकेक अट म्हटली. लग्न दिवाळीनंतर, मुलीकडे. खर्च निम्मा निम्मा. मानपान नाही. प्रत्येक वेळी पाचही जण "ऐकला." मग दादा म्हणाला, "पोरगी नोकरी करंल. लग्नानंतर पण. आत काय बोललात नामदेवराव, ते हितं बोला."

नामदेवरावांनी रुमालाने मान पुसली. "आता… आमी म्हणलो, पुढचा पुढं बघू. घरातली अडचण बघून."

हे ते आत बोलले होते. याला मी मान हलवली होती.

मोहाच्या झाडाखाली इतकी शांतता होती की कट्ट्यावरच्या नळाचा थेंब ऐकू येत होता. प्रियांका ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"बाबा, तसं नाय ठरला होता आपला," रोशन म्हणाला.

"तू गप रे."

"तो का गप?" विहीणबाई बोलल्या. आल्यापासून त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "मी पतपेढीत लागले व्हते. सासऱ्यांनी असंच म्हणला व्हता, पुढचा पुढं बघू. अठ्ठावीस वर्षं झाली, अजून बघतायत." नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "बोला मोठ्याने. नायतर मी बोलते."

नामदेवराव तसे वाईट माणूस नाहीत. त्यांनी रुमाल खिशात टाकला आणि घसा साफ केला. "सून नोकरी करंल. कोणी अडवणार नाय."

"ऐकला का?" दादाने विचारलं.

विहीणबाई म्हणाल्या, रोशन म्हणाला, पारूबाई म्हणाली. मी म्हणालो. दादाने स्वतः म्हटलं, "ऐकला." आणि मागून डबे पुढ्यात घेऊन बसलेल्या बाया कोणी न विचारता एका सुरात म्हणाल्या, "ऐकलाऽ!"

सुपारी पारूबाईच्या चंचीतून निघाली. तिचं गेट वेगळं, तिथे कोणी तपासत नाही. फोडली किचनमधल्या लोखंडी बत्त्याने, भांडी घासायच्या कट्ट्यावर. रोशन दोनला तीन मिनिटं कमी असताना ड्युटीवर पळाला. माझ्या यंत्राने मागच्या अंगणात बेचाळीस दाखवले. त्यातले काही माझ्याच छातीतले असावेत.

आता जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. राइड चांगल्या आहेत म्हणतात, आम्ही एकाही राइडमध्ये बसलो नाही. हॉटेलात जायचंच असेल तर साडेअकराला जा किंवा तीननंतर, आणि बैलापासून लांबचं टेबल मागा. महत्त्वाचं काही बोलायचं असेल तर घरी बोला. परतताना टोकन विसरू नका. दादाने सत्तावीस नंबरची टोपली मिळेपर्यंत गेट सोडलं नाही, आणि अडकित्ता मिळाल्यावर सिक्युरिटीवाल्याला अख्खी सुपारी बक्षीस दिली. किन्हवलीला थांबलो. चहा, भजी, दोन प्लेट.

घरी पोचलो, चपला काढतोय तोच कमलचा फोन. मी टीव्ही बंद केला. पंखाही बंद केला. बायकोने चमकून बघितलं.

"झाला का रे? नोकरीचा काय ठरला?"

मी सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. कोण काय म्हणालं, कोणी आधी म्हटलं, बाया कशा म्हणाल्या. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या येळंला ते काय म्हणाले व्हते रे, नक्की? तू तिथंच व्हतास ना."

मला सेट चाळीस वॅटचा होता ते आठवलं. भोंगा कुठल्या फांदीला होता, वायर किती फूट लागली, कुठलं गाणं अर्ध्यात अडकलं, सगळं आठवलं.

"नाय ऐकला, कमल," मी म्हणालो.